कोंबडी वाचेल, पण विषाणू थांबेल का?

प्रति,
माननीय पशुसंवर्धन मंत्री

महोदय, सविनय नमस्कार.

बर्ड फ्लूच्या अनेक प्रकारांवर चालेल अशी एकच लस कोंबड्यांसाठी हवी, ही मागणी आता सगळीकडून होते आहे. माझीही तीच मागणी आहे. मात्र संशोधनाला पैसे मंजूर करताना एक अट घाला: लस दिलेली कोंबडी नुसती जगून भागणार नाही, तिच्यातून विषाणू बाहेर पडणेही थांबले पाहिजे.

मेक्सिकोत १९९५ पासून बर्ड फ्लूच्या एच५एन२ या प्रकाराविरुद्ध लसीकरण झाले. पक्षी मारणारा घातक प्रकार गेला. सौम्य प्रकार मात्र लस घेतलेल्या कळपांतून फिरत राहिला आणि काही वर्षांत इतका बदलला की जुन्या लशीला त्याचा प्रसार आवरेना. मरतूक थांबली की शेड सुरक्षित वाटते, आणि तोवर विष्ठेतून विषाणू शेजारच्या शेडमध्ये पोचलेला असतो. मेलेली कोंबडी निदान खबर तरी देते.

आजच्या बहुतेक लशी विषाणूच्या पृष्ठभागावरच्या हिमॅग्लुटिनिन या प्रथिनाच्या शेंड्यावर नेम धरतात आणि नेमका तोच भाग झपाट्याने बदलतो. म्हणून संशोधक फारसा न बदलणाऱ्या देठाकडे आणि विषाणूच्या आतल्या प्रथिनांकडे वळले. गोम इथेच आहे. देठाविरुद्धची प्रतिपिंडे विषाणूला पेशीला चिकटण्यापासून सहसा अडवत नाहीत, आणि आतल्या प्रथिनांवरची प्रतिकारशक्ती संसर्ग झाल्यावरच कामाला लागते. मला जास्त भरवसा वाटतो तो अनेक विषाणूंचे जनुकीय क्रम ताडून, शेंड्यासकट संगणकावर बेतलेल्या प्रतिजनांचा, म्हणजे लशीतून शरीराला ओळख करून द्यायच्या प्रथिनांचा. त्यांची व्याप्ती थोडी कमी निघाली तरी चालेल.

लस द्यायची कुठे, हेही आताच ठरवा. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत विकला जातो. शेडमध्ये एकेक पक्षी धरून दोनदा टोचत बसणे परवडत नाही. मरेक्स या कोंबड्यांच्या रोगावरची लस हॅचरीतच देतात, अंड्यात किंवा एक दिवसाच्या पिल्लाला. तीत वापरल्या जाणाऱ्या टर्की पक्ष्यांच्या हर्पीस विषाणूवर बर्ड फ्लूच्या एच५ प्रकाराचे जनुक बसवलेल्या लशी आज उपलब्ध आहेत. नवी लसही त्याच वाटेने यावी. बदकांवर तिची चाचणी वेगळी घ्यावी लागेल, कारण बदके अनेकदा आजारी न दिसताच विषाणू पसरवतात.

फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये बदकांचे लसीकरण सुरू केले, तेव्हा अमेरिकेने लगेच तिथल्या कुक्कुट उत्पादनांच्या आयातीवर निर्बंध घातले. भीती छुप्या संसर्गाची होती. लस घेतलेला पक्षी कोणता आणि संसर्ग झालेला कोणता, हे सांगणारी तपासणी लशीसोबतच तयार झाली पाहिजे.

तेव्हा प्रस्ताव मागवताना प्रत्येक प्रकल्पाला एक प्रयोग सक्तीचा करा: लस दिलेल्या पक्ष्यांना लशीतल्यापेक्षा दूरच्या वंशाच्या विषाणूची लागण करून, त्यांच्यासोबत लस न दिलेले पक्षी ठेवायचे आणि त्यांना संसर्ग होतो का ते पाहायचे. हे काम उच्च जैवसुरक्षा प्रयोगशाळेतच होते आणि महाग पडते. त्यासाठी निधीत वेगळी तरतूद धरावी, ही विनंती.

आपला,
एक पशुवैद्यक