सामन्यानंतरची रात्र वाहनतळावरच काढू द्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

अमेरिकेत ऑगस्टच्या अखेरीस महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम सुरू होतो आणि डिसेंबर उजाडेपर्यंत शनिवार आला की विद्यापीठांची गावे माणसांनी फुलून जातात. आपल्या वाचकांपैकी अनेकांची मुले या विद्यापीठांत शिकत आहेत किंवा शिकून तिथेच स्थायिक झाली आहेत. त्यांच्यातले काही जण, आणि त्या दिवसांत त्यांच्याकडे गेलेले आईवडीलही, हौसेने आरव्ही, म्हणजे झोपण्या-राहण्याची सोय असलेली मोठी गाडी, भाड्याने घेऊन सामन्याला जातात. सामन्याच्या रात्री या गाड्यांना विद्यापीठाच्या वाहनतळावर मुक्काम करू द्यावा की नाही, हा वाद हंगामात पुन्हा पुन्हा निघतो आणि बहुधा कचरा, गोंगाट व पैसा यांच्याच हिशेबाने मिटवला जातो. मी अनेक वर्षे पेनसिल्व्हेनियात राहतो आणि या सामन्यांना नियमित जातो. हा प्रश्न सर्वांत आधी रस्त्यावर जाणाऱ्या जिवांचा आहे असे माझे ठाम मत असून, ते सविस्तर मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

ज्यांनी हा सोहळा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. सामना रात्री असला तरी लोक सकाळपासून स्टेडियमभोवतीच्या मैदानांत गाड्या लावतात, मागचे फळकूट उघडून तिथे ग्रिल पेटवतात, कनोपी उभारतात, घड्या घालता येणाऱ्या खुर्च्या मांडतात आणि दिवसभर खाणेपिणे, गप्पा व खेळ चालतात. यालाच टेलगेटिंग म्हणतात. आरव्हीवाली मंडळी तर शुक्रवारीच, काही ठिकाणी त्याच्याही आधी येऊन, जत्रेच्या आदल्या दिवशी पाले ठोकावीत तशी आपापली जागा धरतात. प्रत्येक गावाची तऱ्हा निराळी आहे. टेनेसी विद्यापीठाच्या सामन्यांना १९६२ पासून लोक नदीतून बोटी घेऊन येतात आणि स्टेडियमजवळच्या धक्क्याला त्या बांधतात. साउथ कॅरोलिना विद्यापीठाच्या स्टेडियमजवळ मालगाडीचे बावीस जुने गार्ड-डबे रुळांवर कायमचे उभे असून त्यांच्या मालकांनी आतून दिवाणखान्यासारखे सजवले आहेत. मिसिसिपी विद्यापीठाच्या ‘द ग्रोव्ह’ या दहा एकरांच्या वृक्षराजीत तंबूंखाली झुंबरे टांगलेलीही दिसतात.

या गर्दीत परका माणूस परका राहत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. माझी आई शाकाहारी आहे हे कळताच शेजारच्या गाडीतल्या, त्याआधी कधीही न भेटलेल्या गृहस्थांनी आपल्या ग्रिलचा एक कोपरा तारेच्या ब्रशने घासून घेतला, त्यावर फॉइल अंथरले आणि मक्याची कणसे व ढोबळी मिरची भाजून तिच्यापुढे ठेवली. ते प्रतिस्पर्धी संघाचे पाठीराखे होते. हे जपण्यासारखे आहे, म्हणूनच त्याची रात्रीची बाजू नीट हाताळली जावी असे वाटते.

मुक्कामाची गरज का पडते ते आकड्यांतच दिसते. पेनसिल्व्हेनियातल्या पेन स्टेट विद्यापीठाचे बीव्हर स्टेडियम एक लाखाहून अधिक प्रेक्षकांचे आहे आणि ते ज्या स्टेट कॉलेज गावात आहे त्याची लोकवस्ती सुमारे ४० हजार. साउथ कॅरोलिनातल्या क्लेमसन विद्यापीठाचे स्टेडियम ८० हजारांहून अधिक लोकांचे आणि गाव वीस हजारांच्याही आतले. इतक्या माणसांना पुरतील एवढ्या हॉटेलच्या खोल्या अशा गावांत असूच शकत नाहीत. ज्या असतात त्यांचे भाडे सामन्याच्या दिवशी कैक पटींनी वाढते आणि अनेक हॉटेले किमान दोन रात्रींचे पैसे घेतल्याशिवाय खोली देत नाहीत. त्यात सामन्याची वेळ दूरचित्रवाणीच्या सोयीने ठरते. अनेक सामन्यांची वेळ बारा दिवस आधी आणि काहींची तर अवघे सहा दिवस आधी जाहीर होते. साडेसातला सुरू झालेला सामना साधारण साडेतीन तास चालतो. म्हणजे अकरा वाजता लाखभर माणसे एकाच वेळी बाहेर पडतात. २०२४ मध्ये यूसीएलए, ओरेगॉन, वॉशिंग्टन यांसारखी पश्चिम किनाऱ्यावरची विद्यापीठे बिग टेन या मूळच्या मध्यपश्चिमेतील विद्यापीठांच्या क्रीडासंघटनेत सामील झाल्यापासून तर पाहुण्या संघाचे पाठीराखे आणखी दुरून येऊ लागले आहेत. सहा-सात तास गाडी चालवून आलेल्या कुटुंबाने मध्यरात्री जायचे कुठे?

आता दारूविषयी. टेलगेटिंगमध्ये सगळेच पितात असे नाही, पण पुष्कळ पितात आणि सकाळपासून पितात हे नाकारण्यात अर्थ नाही. मिनेसोटा विद्यापीठाच्या संशोधकांनी व्यावसायिक बेसबॉल आणि फुटबॉल सामन्यांतून बाहेर पडणाऱ्या ३६२ प्रौढ प्रेक्षकांची श्वासचाचणी केली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. सुमारे ४० टक्के प्रेक्षकांच्या श्वासात मद्याचा अंश सापडला आणि जवळपास ८ टक्के जण कायद्याच्या मर्यादेपलीकडे होते. टेलगेटिंग करून आलेल्यांमध्ये ती मर्यादा ओलांडल्याची शक्यता इतरांच्या कितीतरी पट अधिक आढळली. हा अभ्यास महाविद्यालयीन सामन्यांचा नव्हता, तरी बाहेर पडणाऱ्या लाखाच्या गर्दीत गाडी चालवण्याच्या स्थितीत नसलेली माणसे किती असतील याचा अंदाज त्यावरून बांधता येतो. अमेरिकेत वाहन अपघातांत होणाऱ्या मृत्यूंपैकी साधारण तीस टक्के मृत्यूंत मद्यधुंद चालकाचा संबंध असतो.

अशा वेळी ज्याच्या गाडीतच पलंग आहे त्याला तिथेच झोपू देणे यापेक्षा साधा उपाय कोणता? तरीही एका विद्यापीठात मी याच्या नेमके उलट घडताना पाहिले आहे. सामना संपून फार वेळ झाला नव्हता. पिवळी जाकिटे घातलेले कर्मचारी टॉर्च घेऊन रांगेरांगेतून फिरत, लॉट (वाहनतळ) बंद होत आहे, गाड्या काढा, असे सांगत होते. आमच्या समोरच्या मोटारहोमचा मालक दिवसभर बिअर घेत बसलेला होता. त्याची पत्नी, आपण उद्या सकाळी निघतो, असे कर्मचाऱ्याला विनवत होती, पण त्या मुलाच्या हातात नियमाखेरीज काही नव्हते. शेवटी पस्तीसेक फूट लांबीची ती गाडी, मागे छोटी मोटार जोडलेली, चाकांखालच्या फळ्यांवरून धाडकन उतरली आणि दोनपदरी रस्त्याला लागली. तो चालक घरी सुखरूप पोहोचला असावा अशी आशा मी आजही करतो. नियम करणाऱ्यांनी रात्री अकरानंतर एकदा त्या फाटकावर उभे राहून पाहावे.

केवळ रात्र काढू देणेही पुरेसे नाही, हे फारसे लक्षात घेतले जात नाही. शरीर मद्य अत्यंत सावकाश बाहेर टाकते. रक्तातील प्रमाण ताशी साधारण ०.०१५ टक्क्याने उतरते आणि कॉफीने किंवा गार पाण्याच्या अंघोळीने त्याला वेग येत नाही. रात्री अकरा वाजता ज्याचे प्रमाण ०.१५ आहे त्याच्या रक्तातून मद्य पूर्णपणे जायला सकाळचे नऊ वाजतात. बहुतेक राज्यांत मर्यादा ०.०८ आहे, युटामध्ये ०.०५. त्यामुळे रविवारी पहाटे सहा-सातला लॉट रिकामा करायला लावणे म्हणजे अर्धवट उतरलेल्या चालकांना रस्त्यावर ढकलणे होय. गाड्या काढण्याची वेळ रविवारी दुपारी बारा ठेवावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांनी ध्यानात ठेवावी. अनेक राज्यांत इंजिन बंद असले तरी नशेत चालकाच्या आसनावर किल्ली जवळ बाळगून बसणे हाही गुन्हा ठरू शकतो. तेव्हा प्यायलेल्या माणसाने पुढच्या खुर्चीत डुलकी काढू नये, मागे पलंगावर जाऊन झोपावे आणि किल्ली न प्यायलेल्या माणसाकडे द्यावी.

रात्रीच्या मुक्कामाला एक खरा धोका आहे आणि मी त्याच्याबद्दल गोंगाटापेक्षा फार अधिक काळजी करतो. तो म्हणजे जनरेटरचा धूर. विद्यापीठांच्या बहुसंख्य वाहनतळांवर आरव्हीसाठी विजेची जोडणी नसते. सप्टेंबरात लुइझियाना किंवा अलाबामात एसीशिवाय त्या पत्र्याच्या खोलीत झोप लागत नाही. म्हणून लोक जनरेटर चालू ठेवून झोपतात. गाड्या एकमेकींना इतक्या खेटून उभ्या असतात की एकीच्या पोटाखालचा धूर दुसरीच्या उघड्या खिडकीखाली सोडला जातो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. झोपलेल्या माणसाला तो उठण्याची संधीच देत नाही. २०२१ मध्ये मिशिगनमधल्या एका संगीत महोत्सवात ट्रेलरमध्ये झोपलेले तीन तरुण असेच गेले. जनरेटर ट्रेलरजवळच चालू होता. अमेरिकेत आगीचा संबंध नसलेल्या अशा अपघाती विषबाधेने दरवर्षी चारशेहून अधिक माणसे मरतात, असे तिथली रोगनियंत्रण संस्था सीडीसी सांगते. सुटा जनरेटर दारे-खिडक्यांपासून किमान वीस फूट दूर ठेवावा हा तिचाच सल्ला आहे, आणि दोन गाड्यांमध्ये वीस फूट मोकळेच नसतील तर तो पाळणार कसा?

भाड्याच्या गाडीत शिरल्यावर सर्वांत आधी कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर शोधावा. तो बहुधा पलंगाजवळ असतो. चाचणीचे बटण दाबून आवाज येतो का ते पाहावे, आणि त्यावर बदलण्याची मुदत छापलेली असेल तर तीही वाचावी. बॅटरी संपत आली की हे यंत्र मिनिटा-मिनिटाला टिकटिक करते आणि कंटाळलेली माणसे ते काढून खणात टाकतात. आदल्या भाडेकरूने तसेच केले असण्याची शक्यता गृहीत धरावी. रात्री डोके जड झाले, मळमळू लागले, तर ते बिअरवर किंवा दगदगीवर न ढकलता सर्वांना घेऊन आधी बाहेर पडावे आणि मग आपत्कालीन मदतीच्या ९११ क्रमांकाला फोन करावा.

यावर विद्यापीठांच्या हातातही उपाय आहे. मुक्कामाच्या लॉटमध्ये विजेच्या ३० अँपिअरच्या जोडणीचे खांब उभारले तर जनरेटरचे कारणच उरत नाही. त्याला खर्च येतो हे खरे. सगळीकडे एकदम जमणार नसेल तर निदान जनरेटरबंदीचा एक वेगळा पट्टा आखावा आणि उरलेल्या भागात गाड्यांमधले अंतर वाढवावे, भले त्यामुळे जागा कमी भरल्या तरी चालेल.

जागा कमी भरणे म्हणजे उत्पन्न कमी होणे, आणि इथेच अडते. न्यायालयाने जून २०२५ मध्ये मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे आता आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात. पहिल्या वर्षासाठी, म्हणजे २०२५-२६ साठी, याची मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. मैदान गाजवणाऱ्या मुलांना त्यांचा वाटा मिळाला याचा मला आनंदच आहे. परंतु तो पैसा उभा करण्यासाठी तिकिटांपासून पार्किंगपर्यंत प्रत्येक गोष्टीकडे नव्या नजरेने पाहिले जाते. अनेक विद्यापीठांत आरव्हीच्या चांगल्या जागा आधीच क्रीडानिधीला मोठी देणगी देणाऱ्यांसाठी राखीव असतात आणि हंगामभराच्या पासानेच दिल्या जातात. स्टेडियमच्या सावलीतली जागा देणगीदाराला द्यावी, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र दूरच्या मैदानात का होईना, एका रात्रीपुरती, परवडणाऱ्या दरातली जागा सामान्य कुटुंबासाठी राखून ठेवली पाहिजे. ती नसेल तर ते कुटुंब सामना सोडत नाही. ते महामार्गावरच्या विश्रांतिस्थळी किंवा एखाद्या दुकानाच्या आवारात चोरून रात्र काढते, नाहीतर थकलेल्या चालकासह पुढे जात राहते.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे निराधार नाही. शेजारच्या वस्तीतील लोकांना झोपेचा हक्क आहे, भांडणे होतात, धगधगते कोळसे झाडांच्या बुंध्याशी ओतले जातात, सांडपाण्याची टाकी गटारात सोडणारे महाभागही भेटतात. वाहने कुठे नकोतच याचेही उदाहरण आहे: पावसाने चिखल झालेली ‘द ग्रोव्ह’ची जमीन वाचवण्यासाठी तिथे १९९१ पासून गाड्यांना मनाई झाली आणि तो निर्णय योग्यच होता. अकरानंतर शांतता, कोळशांसाठी लोखंडी पिंपे, नियम मोडणाऱ्याचा पास कायमचा रद्द, रात्रभर फिरती गस्त, हे सगळे जरूर करावे. गस्तीचा खर्च पासाच्या दरात धरावा; प्रामाणिकपणे राहणारा माणूस तो आनंदाने देईल.

आपल्या वृत्तपत्राचे वाचक तिथल्या महाराष्ट्र मंडळांत आणि भारतीय विद्यार्थी संघटनांत मोठ्या संख्येने आहेत. या संस्था हंगामात सामन्यांच्या सहली काढतात. त्यांनी सहल ठरवण्याआधी विद्यापीठाच्या पार्किंग विभागाला तीन गोष्टी लेखी विचाराव्यात: रात्रीचा मुक्काम करता येतो का, रविवारी किती वाजेपर्यंत थांबता येते, आणि जनरेटरबाबत नियम काय आहे. तसेच विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगावे की वयाची एकवीस वर्षे पूर्ण होण्याआधी मद्य घेणे हा तिथे कायद्याचा भंग आहे आणि व्हिसावर असलेल्या मुलाला मद्यपान करून गाडी चालवल्याचा गुन्हा फार महागात पडतो. नशेत गाडी चालवल्याबद्दल अटक झाली तरी व्हिसा रद्द होऊ शकतो. पार्किंग विभागाला असे प्रश्न शंभर ठिकाणांहून आले, तर उत्तर देण्यासाठी तरी त्यांना धोरण ठरवावे लागेल.

आपला,
एक वाचक, पेनसिल्व्हेनिया