माझ्या पहिल्या हाय-फायसाठी काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

घरातली स्टिरिओ यंत्रणा अखेर पूर्ण झाली असून ती रोज वाजते आहे. तिच्यातील जवळजवळ प्रत्येक निर्णयामागे तुमचा सल्ला आहे, त्यामुळे केवळ फोनवर आभार मानून थांबणे मला योग्य वाटले नाही. हे पत्र जाहीर लिहिण्याचे कारण इतकेच की, तुटपुंज्या रकमेत पहिली यंत्रणा उभी करू पाहणाऱ्या इतरांपर्यंतही तुमचे म्हणणे पोहोचावे.

तुम्ही सुरुवातीलाच पैशांची वाटणी ठरवून दिलीत: निम्म्याहून अधिक रक्कम स्पीकरसाठी, उरलेल्यात ॲम्प्लिफायर, आणि सीडी प्लेअर घरात होता तोच. सीडीचे १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्‌झ (म्हणजे सेकंदाला ४४,१०० नमुने) हे माप माणसाच्या सुमारे २० किलोहर्ट्‌झपर्यंतच्या श्रवणमर्यादेला पुरून उरते आणि ते काम साधा प्लेअरही चोख करतो. याउलट विजेच्या संदेशाचे हवेतील कंपनांत रूपांतर करणारा स्पीकर हाच या साखळीतला सर्वांत सदोष दुवा असतो, हे तुम्ही इतक्या शांतपणे समजावलेत की नवा प्लेअर घेण्याचा विचार आपोआप मागे पडला.

वॉटच्या आकड्यांबद्दलही तसेच. ॲम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तरी आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, म्हणजे ८६ डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (म्हणजे ठरावीक शक्तीवर इतका आवाज देणाऱ्या) स्पीकरला जेथे ५० वॉट लागतील तेथे ८९ डेसिबलच्या स्पीकरला २५ वॉट पुरतात. खोक्यावर मोठ्या अक्षरांत वॉट छापणारे ही गोष्ट का सांगत नाहीत, हे मला कळलेले नाही. किंवा कळले आहे, पण ते असो.

सर्वांत मोठे ऋण मात्र वापरलेला माल पारखण्यासाठी तुम्ही दिलेल्या वेळेचे आहे. स्पीकरची जाळी काढून वूफरच्या (खालचे स्वर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याच्या) कडेची पट्टी बोटाने हलकेच दाबून पाहायची. ती फोमची असेल तर वर्षांनुवर्षांनी तिचा भुगा होतो, रबराची असेल तर सहसा टिकते. ॲम्प्लिफायरच्या आवाजाची कळ फिरवताना खरखर आली तर घाबरायचे नाही, कारण ती बहुधा साफसफाईने जाते. पण एक चॅनेल (डावी किंवा उजवी बाजू) अधूनमधून गायब होत असेल किंवा काहीही न वाजवता स्पीकरमधून मोठी घरघर येत असेल, तर किंमत कितीही कमी असली तरी हात जोडून निघायचे. विक्रेत्यासमोर तुम्ही हे सारे करत होता तेव्हा मला संकोच वाटत होता, आणि तुम्हाला अजिबात वाटत नव्हता. आज घरात असलेली जोडी त्या निःसंकोचपणामुळेच मिळाली.

तारांवर तुम्ही फार बोलला नाहीत, आणि फार बोलण्यासारखे होतेही कुठे? १.५ चौरस मिलिमीटर जाडीच्या साध्या तांब्याच्या तारेचा चार मीटर अंतरासाठी जाऊन-येऊन रोध सुमारे ०.१ ओहम भरतो, आणि ८ ओहमच्या स्पीकरपुढे तो नगण्य आहे. फक्त अधिक-उणे दोन्ही बाजूंना सारखे जोडण्याबाबत तुम्ही बजावलेत, कारण एका स्पीकरची जोडणी उलटी झाली की खालचे स्वर एकमेकांना मारतात आणि गायक समोर मध्यभागी उभा राहत नाही.

खोलीवर मात्र तुम्ही पैसे नव्हे, तर आख्खी दुपार खर्च केलीत. कोपऱ्यात ठेवलेले स्पीकर खर्जाचे स्वर फुगवतात म्हणून ते भिंतीपासून थोडे थोडे पुढे ओढले. दोघांमधले अंतर आणि बसण्याच्या जागेपासूनचे अंतर समान ठेवून त्रिकोण साधला. ट्विटर, म्हणजे वरचे स्वर वाजवणारे छोटे पडदे, कानांच्या उंचीवर आणले. आणि उघड्या फरशीवर सतरंजी टाकताच तालवाद्यांचा कर्कशपणा उतरला. इतका मोठा फरक कोणत्याही खरेदीने पडला नसता, आणि सतरंजी तर घरातलीच होती.

एका बाबतीत मी तुमचे ऐकत नाही, हे येथेच सांगून टाकतो. टोनच्या (खालचे-वरचे स्वर कमी-जास्त करणाऱ्या) कळांना हात लावू नये, असा तुमचा दंडक आहे. पण रात्री आवाज अगदी कमी असताना कान खालच्या स्वरांना मंदावतो, म्हणून मी बेसची कळ किंचित वर करतो, आणि करत राहीन.

आता टर्नटेबल (तबकड्या वाजवण्याचे यंत्र) घेण्याचे मनात आहे. माझ्या ॲम्प्लिफायरमध्ये फोनो स्टेज नसल्यामुळे कार्ट्रिजचा (सुई असलेल्या भागाचा) काही मिलिव्होल्टचा क्षीण संदेश वाढवण्यासाठी ती वेगळी घ्यावी लागेल, म्हणजे रक्कम पुन्हा जमवणे आले. ती जमली की सुईची झीज तपासायला भिंग घेऊन यावे, ही विनंती. विक्रेत्यापुढे यावेळी मी संकोच करणार नाही.

तुमचा कृतज्ञ,
एक नवखा श्रोता