म्हातारीच्या धुराविषयी

एडिंबरो, रविवार

ती. आई व ती. बाबा यांस साष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती उत्तम आहे, हे सर्वांत आधी लिहिते, कारण या शहराला ‘ऑल्ड रीकी’ म्हणतात असे मावशीने सांगितल्यापासून आई, तू रोज माझ्या छातीचीच चौकशी करतेस. फोनवर तुला ऐकू आलेला खोकला साध्या सर्दीचा होता आणि आता तोही गेला आहे.

नावाचा उलगडा नीट करते. इंग्रजीत ‘रीक’ म्हणजे घाण वास येणे, म्हणून मावशीचा गैरसमज झाला. परंतु येथील स्कॉट्स भाषेत ‘रीक’ म्हणजे धूर, तेव्हा ‘ऑल्ड रीकी’ म्हणजे धुरकट म्हातारी. जुने शहर किल्ल्यापासून उतरत जाणाऱ्या अरुंद टेकाडावर वसलेले. तटाबाहेर पसरायला वाव नसल्याने लोक मजल्यावर मजले चढवत गेले आणि घरोघरी लाकूड-कोळसा जळत राहिला. तो धूर फोर्थच्या खाडीपलीकडे, फाइफमध्येही दिसे. तेथील लार्गो गावच्या एका जमीनदाराची 17व्या शतकातली गोष्ट सांगतात, की संध्याकाळी धूर दाटला की तो मुलांना म्हणे, चला, प्रार्थना करा आणि झोपा, म्हातारीने रात्रीची टोपी घातली. ती ऐकताना मला आजीच्या वाड्यातला बंब आठवला. त्याचा धूर दिसला की आपली उठायची वेळ होत असे.

1956 च्या स्वच्छ हवेच्या कायद्यानंतर तो धूर ओसरत गेला. उरली आहे ती जुन्या दगडांवरची काजळी. कादंबरीकार वॉल्टर स्कॉट यांचे 1846 साली उघडलेले, सुमारे 61 मीटर उंच स्मारक अजूनही काळेच दिसते. पण बाबा, ती काजळी श्वासात जात नाही.

‘उत्तरेचे अथेन्स’ असे भारदस्त नावही या शहराला आहे, पण जिव्हाळा आहे तो म्हातारीवरच. माझ्याबरोबर काम करणाऱ्या येथल्याच एक बाई रेल्वेतून परतताना किल्ला दिसताच ‘आली आमची रीकी’ म्हणाल्या, तेव्हा त्यांचा चेहरा घरी पोहोचलेल्या माणसाचा झाला. ‘पूर्वेचे ऑक्सफर्ड’ आपणही भाषणापुरतेच ठेवतो आणि हिंजवडीला लाखो तरुण कामाला जात असले तरी ‘पेन्शनरांचे पुणे’ हे नाव सोडत नाही. धूर गेला तरी नाव का राहिले, हे बाबा, तुम्हाला वेगळे सांगायला नको.

शैक्षणिक कर्जाचे दोन हप्ते एकदम भरले आहेत. वहिनीच्या शालूसाठी वेगळे पैसे पाठवले आहेत, ते कृपया माझ्या नावे ठेवीत घालू नका. काकूंनी सुचवलेल्या स्थळाला तूर्त नकार कळवावा. माझे कोणाशी काही ठरलेले नाही, एवढाच खुलासा. दादाच्या साखरपुड्याला रजा मिळत नाही. मी दोनदा अर्ज केला होता, हे त्याला सांगा. मेमध्ये लग्नाला मात्र दहा दिवस आधी येते. साखरपुड्याचा साडेनऊचा मुहूर्त म्हणजे येथे पहाटेचे चार. मी जागी असेन. आजीने माझी आठवण काढली तर फोन तिच्या हाती द्या.

तुमची,
छकुली