पंधरा मिनिटांची शिवराई

चि. ओंकार,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आजोबांच्या डब्यातल्या शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाच्या तांब्याच्या नाण्यांची वेबसाइट आत्ता सुरू करावी की हात पूर्ण बरे झाल्यावर, असं तू काल फोनवर विचारलंस. माझं मत, आत्ताच कर. फक्त ती अशी बांध की मध्येच तीन आठवडे हात लावला नाही तरी तिचं काही अडणार नाही.

तुझ्या जीबीएसमध्ये (गियाँ-बारे सिंड्रोम या आजारात) शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच नसांवर उलटते. नुसतं वरचं आवरण गेलं असेल तर ते काही आठवड्यांत किंवा महिन्यांत भरून येतं. आतला तंतूच तुटला असेल, तर तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंतचं अंतर मोज, म्हणजे बोटं आणि पावलं बहुधा सगळ्यांत शेवटी का परततात ते कळेल. त्यात नवी ताकद आलेल्या स्नायूकडून जास्त काम घेतलं की तो काही काळ उलट दुबळा पडतो. हे त्या दिवशी जाणवत नाही, दुसऱ्या दिवशी जाणवतं. म्हणून मोजमाप सकाळी करायचं. शर्टाची बटणं कालच्यापेक्षा जड गेली तर त्या दिवशी नाणी डब्यातच राहू देत. एरवी टायमर लावून 15 मिनिटं काम, मग अर्धा तास आडवं पडणं, आणि दिवसातून दोनच फेऱ्या. दुसरी फेरी छान चालली म्हणून तिसरी करायची नाही. सगळ्यांची गाडी तिथेच अडकते. फिजिओथेरपीचे व्यायाम आधी, नाणी नंतर, आणि वेळ किती वाढवायची ते थेरपिस्टना विचारून ठरव.

तांबं स्वच्छ करू नकोस, हे आधीच सांगतो. चिंच, लिंबू, भांड्यांची पावडर, काहीही नको. नाण्यावरचा काळसर-तपकिरी थर म्हणजे मळ नव्हे. आम्लाने तो निघतो आणि अक्षरांच्या कडाही त्याच्याबरोबर जातात, त्या परत येत नाहीत. माती चिकटली असेल तर डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजत ठेव आणि मऊ कापडाने टिपून घे, घासू नकोस. पीव्हीसीच्या मऊ पाकिटांत तांब्यावर हिरवट चिकट थर धरतो, म्हणून साधी कागदी पाकिटं वापर आणि पाकिटावर पेन्सिलने क्रमांक घाल. नाणं पकडताना दोन्ही कोपर टेबलावर टेकव आणि खाली घडी घातलेला टॉवेल ठेव. चिमटीतून ते निसटणारच आहे, टॉवेलवर पडलं म्हणजे झालं. लोखंडी चिमटा नको, ओरखडे उठतात.

फोटोत सगळ्यात मोठी अडचण तुझ्या हाताचा कंप, तेव्हा फोन हातात धरूच नकोस. पुस्तकांची 25 ते 30 सेंटिमीटरची थप्पी रच, वर फोन असा ठेव की कॅमेरा काठाबाहेर येईल, मागच्या भागावर एक जाड पुस्तक ठेव आणि 3 सेकंदांचा टायमर लाव. झूम 2 वर. फोन फार जवळ नेला तर त्याची सावली पडते आणि नाणं फुगल्यासारखं दिसतं. नाणं बाटलीच्या झाकणावर ठेव म्हणजे मागचं कापड धूसर होईल. कापड राखाडी घे, पांढऱ्यावर काळसर तांबं नुसता डाग दिसतो. उजेड डावीकडच्या खिडकीतून, थेट ऊन नसताना, तिरका यायला हवा. डोक्यावरच्या ट्यूबलाइटने अक्षरं सपाट होतात. उजव्या बाजूला पांढरा कागद उभा कर, तेवढ्याने सावल्या मऊ पडतात. नाण्याच्या दोन्ही अंगांचे फोटो एकाच फेरीत उरक, उजेड बदलला की रंग जुळत नाहीत.

वजनासाठी 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा खिशातला काटा पुरे. आधी त्यावर आपलं दहा रुपयांचं दोन धातूंचं नाणं ठेव. ते 7.71 ग्रॅमचं आणि 27 मिलिमीटरचं असतं. काटा बराच वेगळा आकडा दाखवू लागला तर सेल बदल. चलनात झिजलेल्या नाण्यात थोडा फरक पडतो, त्याने घाबरू नकोस. शिवराई हातोड्याने ठोकून पाडलेली, त्यामुळे पूर्ण गोल नसते. व्यास एकच न लिहिता सगळ्यांत मोठा आणि सगळ्यांत लहान, असे दोन लिही.

आता वाचन, जे मला स्वतःला फार आवडतं. एका अंगावर तीन ओळींत श्री, राजा, शिव, दुसऱ्या अंगावर दोन ओळींत छत्र, पति. कडेला ठिपक्यांचं वर्तुळ. पण ठसा बहुधा तांब्याच्या चकतीपेक्षा मोठा असतो, म्हणून पूर्ण मजकूर एका नाण्यावर क्वचितच येतो. जे दिसतं तेच लिही आणि जे दिसत नाही ते चौकटी कंसात घाल: श्री / राजा / [शि]व. अंदाजाने भरलेलं अक्षर कंसाबाहेर ठेवलंस, तर पुढे तुझी नोंद कुणालाच वापरता येणार नाही. दोन आडव्या रेघांची दुदांडी शिवराई एकोणिसाव्या शतकातली. ती महाराजांच्या काळातली म्हणून सर्रास खपवली जाते. तू तसं लिहू नकोस. काळाची खात्री नसेल तर रकाना रिकामा ठेव.

टंकलेखन बोलून कर. फोनच्या कीबोर्डवर मराठी निवडून माइक दाब आणि छोटी वाक्यं बोल. दम लागला की आवाज खाली जातो आणि शब्द चुकतात. न-ण आणि ऱ्हस्व-दीर्घ नंतर तपासावेच लागतील. विंडोजच्या लॅपटॉपवर शिफ्ट पाच वेळा दाबून ‘हो’ म्हटलं की स्टिकी कीज सुरू होतात, मग दोन कळा एकत्र धराव्या लागत नाहीत. मजकूर युनिकोडमध्येच असू दे. जुन्या डीटीपी फॉन्टमधलं लेखन दुसऱ्याच्या फोनवर नुसता कचरा दिसतं आणि शोधलं तर सापडतही नाही.

साइट गिटहब पेजेसवर ठेव, फुकट आहे आणि फाइली ब्राउझरमधून ओढून टाकता येतात. एक नाणं, एक फाइल, आणि मुखपृष्ठावर क्रमांकांची साधी यादी. फाइलीच्या सुरुवातीला यूटीएफ-8 (अक्षरं साठवायच्या पद्धतीचं नाव) लिहायला विसरू नकोस, नाहीतर मराठीऐवजी प्रश्नचिन्हं दिसण्याची शक्यता असते. फाइलींची नावं इंग्रजी, सगळी लहान लिपीत, मध्ये जागा न सोडता. विंडोजवर कॅपिटल जेपीजी आणि लहान जेपीजी एकच, गिटहबवर वेगळे. म्हणून घरी दिसणारा फोटो साइटवर दिसत नाही. फोटो 1200 पिक्सेल रुंदीचा आणि 250 केबीच्या आत ठेव. कॅमेऱ्यातली लोकेशनची खूण मात्र आधी बंद कर, जुन्या नाण्यांच्या फोटोत घराचा पत्ता जायला नको. तारीखवार नोंदी नकोत, ‘काम चालू आहे’ अशी रिकामी पानंही नकोत. जे नाणं पूर्ण झालं तेवढंच चढव.

भाव विचारणारे लोक येतील. विक्री नाही, किंमत सांगितली जात नाही, ही ओळ पहिल्याच पानावर टाक. शंभर वर्षांवरचं नाणं 1972च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातून कुणी मागितलं तर उत्तर सोपं आहे.

रविवारी येताना काटा, राखाडी कापड आणि कागदी पाकिटं आणतो. तोवर फक्त एक नाणं निवडून ठेव, ‘राजा’ स्पष्ट दिसतंय असं. आईने मेतकूट बांधून ठेवलंय, तेही आणतो.

तुझे
बाबा