काना गावचे सहा रांजण आणि आपला जुना वाद

प्रिय मित्रा,

सप्रेम सलाम. तुझी दोन पत्रं आली आणि उत्तर एकाचंही गेलं नाही. रागावला असशील तर रास्तच आहे. इकडे सगळ्यांच्या तब्येती ठीक. गप्प राहण्याचं कारण फक्त तुलाच कळेल: चमत्कारांवरून आपलं भांडण झालं तेव्हा बायबलमधले चमत्कार निसर्गनियमांनीच समजावता येतात, हा मी हट्टाने मांडलेला मुद्दा टिकत नाही. मास्तरांनी त्या दिवशी तुझी बाजू घेतली, तीच बरोबर होती.

मी वाऱ्यावर अडून बसलो होतो. बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाच्या चौदाव्या अध्यायात समुद्र दुभंगण्याआधी रात्रभर पूर्वेचा जोराचा वारा वाहिला असं लिहिलंय, म्हणजे निसर्गनियम शाबूत, विषय संपला. २०१० मध्ये ड्रूज आणि हान या संशोधकांनी हे संगणकावर मांडूनही पाहिलं. नाईलच्या त्रिभुज प्रदेशातला दोन मीटर खोल पाण्याचं वळण, ताशी शंभर किलोमीटरचा वारा, सलग बारा तास. मधली वाट चार तास उघडी राहते. गणितात खोट नाही. पण हीच किल्ली काना गावच्या लग्नाला लावून बघ, जिथे येशूने पाण्याचा द्राक्षारस केला.

सहा दगडी रांजण, प्रत्येकात दोन-तीन माप पाणी. माप साधारण ३९ लिटरचं, म्हणजे एकूण ४७० ते ७०० लिटर. आपण ५०० धरू. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन, कार्बन नाहीच. बारा टक्के मद्यार्काच्या ५०० लिटर द्राक्षारसात एकट्या मद्यार्कातच जवळपास २५ किलो कार्बन असतो. तो आला कुठून? संत ऑगस्टीन म्हणतो की रांजणात ज्याने केलं तोच दरवर्षी वेलीत पाण्याचा द्राक्षारस करतो. सुंदर आहे, पण वेल कार्बन हवेतून घेते. त्या काळच्या हवेतून २५ किलो कार्बन गोळा करायचा तर पावणेदोन लाख घनमीटर हवा लागेल. (सुरू झाली याची आकडेमोड, असं म्हणून हसशील. हस.) इथे कुठलाही वारा कामाला येत नाही. आणि एक चमत्कार वाऱ्यावर वाचवला की उरलेले सगळे उघड्यावर पडतात, हे तू तेव्हाच म्हणाला होतास.

मग चमत्कार आणि निसर्गनियम यांत विरोध आहे का? मला आता वाटतं, नाही. पण कारण वेगळं. ऊर्जा अक्षय्य असते हा नियम बंदिस्त व्यवस्थेपुरता आहे. बाहेरून काही आत आलं तर नियम मोडत नाही, त्याची अटच लागू होत नाही. पडणारं फळ ओंजळीत झेललं म्हणून गुरुत्वाकर्षण खोटं ठरत नाही. मात्र या उदाहरणावर फार भार टाकू नकोस, मोडेल. ओंजळही निसर्गातलीच, तिच्या स्नायूंचा हिशेब लागतो. देवाच्या हाताचा हिशेब भौतिकशास्त्राला मांडता येत नाही. विज्ञान इथे ‘अशक्य’ म्हणत नाही, ‘माझ्या कक्षेबाहेर’ म्हणतं. मी या दोन गोष्टींची गल्लत करत होतो.

यावर तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम गप्प बसत नाही, आणि तुझा खरा आधार तोच होता. १७४८ मध्ये त्याने चमत्काराला नियमभंग म्हटलं खरं, पण त्याचा घाव साक्षीवर आहे: अखंड अनुभवाच्या विरुद्ध चार माणसांचा शब्द किती तोलायचा? रिचर्ड प्राइस या तत्त्वज्ञाने १७६७ मध्ये उत्तर दिलं की सोडतीत अमुकच आकडा लागण्याची शक्यता नगण्य, तरी वर्तमानपत्रातल्या बातमीवर आपण विश्वास ठेवतो. मला हे पूर्ण पटत नाही. सोडतीत कुठला तरी आकडा लागणारच असतो. पाण्याचा द्राक्षारस होणारच होता असं कोण म्हणेल?

म्हणून मी परत परत योहानाच्या शुभवर्तमानातल्या दुसऱ्या अध्यायातल्या नवव्या ओवीपाशी येतो. भोजनकारभाऱ्याने चव घेतली, पण द्राक्षारस कुठून आला हे त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक होतं ते पाणी काढणाऱ्या नोकरांना. रांजण काठोकाठ त्यांनीच भरले होते, म्हणजे वरून काही ओतायला जागा नव्हती. साक्षीदार म्हणून हे लोक मला भक्कम वाटतात. पण त्यांचा स्वतःचा शब्द आपल्यापर्यंत आलेला नाही, योहानामार्फतच आलाय. माझं घोडं इथेच अडलंय. तू असतास तर नोकरांची साक्ष ग्राह्य धरली असतीस का?

नवी नोकरी लागली, फार आनंद झाला. ताईंचं ऑपरेशन नीट पार पडलं ना? धाकटीला शाबासकी सांग. आणि नवव्या ओवीबद्दल आधी लिही, बाकीचं मागाहून.

तुझाच