फोर बाय फोर बर्फात निघते, थांबायचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दिवाळी सरली की आमच्या भागातल्या पोरांचे मनालीचे बेत सुरू होतात. हल्ली रेल्वेने कोण जातो? घरची फोर बाय फोर काढायची आणि थेट बर्फात घालायची. पुतण्याला तर गाडी विकणाऱ्यानेच सांगितलंय, 'बर्फात बिनधास्त घाला, काही होत नाही.' माझी फौजेतली सगळी नोकरी स्टिअरिंगवर गेली, त्यातले बरेच हिवाळे काश्मीर-लडाखात. म्हणून हे लिहितोय.

चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून उठते आणि चढ चढते. तिचं काम तिथं संपलं. ब्रेक तर साध्या अल्टोलाही चारही चाकांना असतात. थांबायच्या वेळी पकड टायरची, आणि टायरखाली बर्फाची काच झालेली असेल तर पावणेदोन टनाचं धूड कुणाच्या बापाला आवरत नाही.

पूर्वी हा प्रश्न नव्हता, कारण मनालीपुढचा ३,९७८ मीटरवरचा रोहतांग घाट हिवाळ्यात बंदच असायचा. ऑक्टोबर २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला आणि आपला माणूस जानेवारीतही बोगद्यापलीकडच्या सिस्सूला पोहोचू लागला. बर्फ पडला की पोलीस मनालीजवळच्या सोलंगच्या पुढे फोर बाय फोर किंवा टायरला लोखंडी चेन लावलेल्या गाड्याच सोडतात. गडी त्यालाच सर्टिफिकेट समजतो. सकाळी गाडी झोकात वर जाते. दुपारच्या उन्हात रस्त्यावरचा बर्फ पाझरतो, सूर्य डोंगराआड गेला की तेच पाणी गोठतं, आणि नेमक्या त्याच वेळी सगळी जत्रा उताराला लागते.

उतार लागायच्या आधीच थांबून लो रेंज (फोर बाय फोरमधली कमी वेगाची, जास्त ताकदीची गिअरजोडी) टाका, पहिला किंवा दुसरा गिअर, आणि इंजिनालाच गाडी धरू द्या. क्लच दाबू नका. ब्रेक लागलाच तर अगदी हलका. पुढच्या गाडीपासून एरवीच्या कितीतरी पट अंतर ठेवा. मागचा हॉर्न वाजवतोय, वाजवू दे.

चेन फोर बाय फोरलाही लागते, जमल्यास चारही चाकांना. ती बांधायची सवय घरच्या अंगणात करा. आधी जमिनीवर पसरून पीळ काढायचा, टायरवर टाकताना हुकांची टोकं बाहेरच्या बाजूला, नाहीतर ती टायरची कड कापतात. आतला हुक आधी, बाहेरचा नंतर. मग चार-दोन गाडीलांब पुढे जाऊन पुन्हा ताणायची, कारण पहिल्या फेरीत ती ढिली पडतेच. हातमोजे हवेतच, तिथल्या थंडीत उघड्या बोटांनी हुक बसत नाही. बर्फ नसलेला काळा रस्ता लागला की चेन काढा आणि गाडी टू व्हील ड्राइव्हवर आणा.

आपल्याकडच्या गाड्यांची आणखी एक गोम. गॅरेजवाले रेडिएटरमध्ये नळाचं पाणी भरतात. माणदेशात ते खपून जातं, शून्याखाली ते गोठून इंजिनाचा ब्लॉक फुटतो. निघण्यापूर्वी कूलंट बदला. डिझेलही तिकडचंच भरा, आपल्याकडचं थंडीत घट्ट होतं. रात्री हँडब्रेक ओढून ठेवलात तर सकाळी तो गोठलेला मिळेल. गाडी सपाटीला गिअरमध्ये ठेवा, चाकाला दगड लावा.

बर्फात अडकलात तर काचा लावून हीटर चालू ठेवून झोपू नका. सायलेन्सर बर्फाने बुजला की विषारी धूर आत येतो. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानातल्या मरीला बर्फात अडकलेल्या गाड्यांत वीसहून अधिक माणसं गेली.

आपल्या वाहनविषयक पानावर बीएचपी आणि टचस्क्रीनचं कौतुक नेहमी असतं. नोव्हेंबरमध्ये एकदा टायरच्या कडेवरची खूणही छापा: तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमाचा कण. ही खूण असलेला टायर बर्फाच्या चाचणीत उतरलेला असतो. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि बर्फ) लिहिलेल्या टायरला त्या चाचणीची अट नसते.

आपला,
निवृत्त हवालदार (चालक), सेना सेवा कोर
दहिवडी, जि. सातारा