कॅलेंडरच्या चौकोनातला हायकू

मात्सुयामा, जपान, २८ जून

ती. आई-बाबांस
सा. न. वि. वि.

गॅस मे महिन्यात लावला की जूनमध्ये, या तुमच्या वादात पुरावा म्हणून आईने पाठवलेला कॅलेंडरचा फोटो मिळाला. मी मात्र जूनच्या ९ तारखेच्या चौकोनावरच अडकले. आई, तू तिथे एकाखाली एक लिहिलंयस:

गॅस लावला
दूध दोन पिशव्या
आज पाऊस

बोटांवर अक्षरं मोज. पाच, सात, पाच! म्हणजे हायकूच, तीन ओळींची जपानी कविता. मी इथे दीड वर्ष अक्षरं मोजत बसलेय आणि तू गिरगावात दुधाच्या हिशेबात हायकू करून मोकळी.

कवयित्री शिरीष पैंनी हायकू मराठीत आणला, हे लहानपणी तूच सांगितलं होतंस. मी आता राहते ते त्याचं माहेरच. 'हायकू' हे नाव रूढ करणारे मासाओका शिकी १८६७ साली याच गावात जन्मले. किल्ल्यावर, दोगोच्या गरम पाण्याच्या झऱ्यापाशी पेट्या ठेवल्यात. सुचलं की चिठ्ठीवर लिहायचं आणि आत टाकायचं. बाबा, तक्रारपेटी नव्हे ती.

शेजारच्या आजी मला महिन्यातून एकदा कुकाईला नेतात. हायकूची भिशीच म्हणा ना. सगळ्यांनी बिननावाच्या चिठ्ठ्या द्यायच्या, त्या मिसळून दुसऱ्याच्या अक्षरात उतरवायच्या, मग आवडलेल्या निवडायच्या. कुणी लिहिलं ते शेवटी कळतं, त्यामुळे मानापानाची वाहवा नाही. पहिल्या वेळी मी मुंबईच्या आठवणीने डोळे भरून आले वगैरे लिहिलं. एक मत पडलं नाही. त्यातून 'मुंबई' आपल्याला तीन अक्षरी, पण जपानीत मधला न् वेगळा मोजतात, मु-न्-बा-इ, म्हणून ओळही लांबली. आजी म्हणाल्या, "वाटलं ते राहू दे. दिसलं काय? आणि ऋतू कुठाय?" हायकूत ऋतू सांगणारा शब्द लागतो, त्याला किगो म्हणतात. त्याचे जाडजूड कोश असतात.

पुढच्या खेपेला हे दिलं. मराठीत आधी सुचलं, मग जपानी केलं:

वाळत नाही
चाळीच्या कठड्याला
शाळेचा शर्ट

पावसाचं नावच नव्हतं, म्हणून धाकधूक होती. तीन मतं पडली! इथेही जूनभर पावसाची झड असते, 'त्सुयू' म्हणतात तिला, आणि घराघरांत ओले कपडे लोंबत असतात. आजींना कोश उघडावा लागला नाही.

शिकींचं मात्र मनातून जात नाही. मणक्याच्या क्षयाने ते काही वर्षं अंथरुणाला खिळलेले, पडल्या पडल्या दिसेल तेवढ्या बागेवर लिहायचे. १९०२ साली, अवघ्या ३४व्या वर्षी गेले. आदल्या दिवशी लिहिलेले शेवटचे तीन हायकू कशावर, तर घोसाळ्यावर. त्याचं पाणी तेव्हा कफावर औषध म्हणून देत. आई, हेच ते घोसाळं, ज्याची भाजी मी ताटात कडेला सारायचे आणि तू ओरडायचीस.

तब्येत बरी आहे. पाठवलेला गोडा मसाला संपत आलाय.

कॅलेंडर डिसेंबरनंतर रद्दीत घालू नकोस, जुलैच्या पानाचाही फोटो पाठव. आणि बाबा, गॅस जूनमध्येच लावला. आता ते कवितेत आलंय, तुमचं काही चालायचं नाही.

तुमची,
मनू